साळवे मामांचा बाहेरचा दिवा

साळवे मामा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी नमस्काराच्याही आधी आमच्या फ्रीजला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही, मगच ते खुर्चीवर टेकले. "आता चहा चालंल," म्हणाले.

परतूरच्या आमच्या गल्लीत मामांचं घर अगदी समोर. उभा जन्म लाईनमनची नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस. कुणी काहीही सांगायला गेलं की यांचं ठरलेलं, "बराबर हाय, पण न्यूट्रल कुठंय?" करंट नुसता जाऊन भागत नाही, त्याला परतायलाही वाट हवी, तीच न्यूट्रल, हा त्यांचा सिद्धांत. माझ्या मेहुण्याने नोकरी सोडून दुकान टाकायचं ठरवलं तेव्हा त्यालाही हेच विचारलं. मेहुणा अजून अर्थ लावतोय.

दिवाळीला त्यांची मुलगी सुजाता पुण्याहून आली आणि काडेपेटीएवढं एक यंत्र देऊन गेली. ते बसवलं की अंगणातला दिवा तिला पुण्यातून फोनवर लावता येणार होता. मामी गेल्यापासून मामा एकटेच. निदान दारात उजेड असावा, एवढंच तिचं म्हणणं. मामांनी आधी यथेच्छ चेष्टा केली. "दिवा परतूरला अन् बटन पुण्याला! काय जमाना आला." पण वायरिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

यंत्र बटनामागे बसवायचं होतं, आणि जुन्या बोर्डात न्यूट्रलची तारच नव्हती. मामांना कोण आनंद झाला! मग मेन बंद करून ते शिडीवर चढले आणि वर दिव्याजवळच्या डबीत, जिथे न्यूट्रल येत होती, त्यांनी ते बसवलं. शिडी धरायला मी. इकडेतिकडे पाहिल्याबद्दल दोनदा बोलणी खाल्ली. आता एकच अट होती, खालचं बटन कायम चालू पाहिजे, नाहीतर यंत्राला करंटच मिळणार नाही. त्यावर चिठ्ठी लावा म्हटलं तर फणकारले, "लाईनमनच्या बटनाला हात लावायची हिंमत हाय का कुणाची?"

त्या संध्याकाळी सातला दिवा लागला. "लागला, लागला!" मामा इतक्या जोरात ओरडले की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. तेव्हापासून सुजाता रोज सातला दिवा लावायची आणि सकाळी उठून बंद करायची.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. दिवसाउजेडी कुणाचा बाहेरचा दिवा जळताना दिसला, की येणाऱ्या-जाणाऱ्याने बटन बंद करायचं. गेल्या मंगळवारी सुजाता विसरली असावी. मी दूध घेऊन येत होतो. दिवा दिसला, फाटक उघडलं, दाराबाहेरचं बटन बंद केलं आणि घरी आलो. लाजेची गोष्ट म्हणजे शिडी मीच धरली होती.

रात्री आठच्या सुमारास पाहतो तर मामा अंधारात पायरीवर बसलेले.

"मामा, दिवा?"

"लागला न्हाई. मीटिंग-बिटिंग असंल तिची."

"मग फोन करा ना."

"कशाला? इसरली असंल तर उगं वाईट वाटंल पोरीला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्वतःची एवढी चीड आली की काय सांगू. "मामा, सकाळी बटन मी बंद केलं," म्हणत मी धावलो आणि ते चालू केलं. थोड्या वेळात दिवा लागला, पाठोपाठ फोन वाजला.

"बाबा, तासाभरापासून दाबून राह्यले मी! लाईट गेल्ती का तिकडं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हां, गेल्ती. आत्ताच आली."

माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवल्यावर भरपाई म्हणून मी म्हणालो, "मामा, याला टायमर लावता येतो. रोज सातला आपोआप लागेल. कुणी विसरायची भानगडच नाही."

"बिलकुल न्हाई," मामा दिव्याकडे बघत म्हणाले. "टायमरनं दिवा लागंल रोज. पण पोरीनं लावला का न्हाई, ते मला कसं कळंल?"