शेवटच्या बाकावरचा पंजाब

तायडे सरांना काहीच समजत नाही. बँकेत समजत नाही, दवाखान्यात समजत नाही, एसटीच्या चौकशी खिडकीवर तर अजिबात नाही. सत्तरी ओलांडलेला हा माणूस समोरच्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतो आणि मग एक बोट वर करून म्हणतो, "मले समजलं नाही."

एकदा त्यांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेले होते. शुगरच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांनी सांगितलं. "मले समजलं नाही." डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. बोट पुन्हा वर. शेवटी वैतागून डॉक्टरांनी कागदावर ताट काढलं, ताटाच्या अलीकडे एक गोळी काढली, पलीकडे दुसरी. तेव्हा मागे बाकावर बसलेली इंझोरीची एक म्हातारी म्हणाली, "अवं माय, मी त उलट्याच घेऊन राह्यली होती." सर लगेच उठले. "आता समजलं," म्हणाले.

हे वेड त्यांना धंद्यातून लागलं. धंदा म्हणजे मास्तर घडवण्याचा. आमचं अध्यापक विद्यालय सुरू झालं तेव्हा चार खोल्या होत्या, वर टिनाचं छप्पर, आणि शेजारी दोन खोल्यांची सरावशाळा. सरावशाळेत आसपासची खरी लेकरं शिकायची आणि आम्ही होणारे मास्तर त्यांच्यावर पाठ घ्यायचो. पाठ तपासणारे बाकीचे सर खुर्ची टाकून बसायचे. तायडे सर शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, पोरांमध्ये बसायचे. तिथे ते सर नसायचे.

माझ्या पहिल्याच पाठाला मी शेवटच्या बाकावरच्या त्यांना विचारलं, "नाव काय बाळा तुझं?" म्हणजे नियमच होता तसा, विचारायचंच.

"पंजाब."

पाठ हातच्याच्या वजाबाकीचा होता. शंभरातून सदतीस. मी फळ्यावर ऐटीत मांडून दाखवली. पोरं एका सुरात हो म्हणाली. शेवटच्या बाकावरून बोट वर आलं. "बाई, मले समजलं नाही. शून्याजोळ काईच नाही, त तो देईन कुठून?"

मी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. पाठ संपल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं. आता ते सर होते. "पंजाब बहिरा नाही," म्हणाले. "आवाज वाढवू नको, रस्ता बदल."

दुसऱ्या दिवशी मी आगपेटीच्या काड्या नेल्या. दहा-दहाचे गठ्ठे, त्या दहा गठ्ठ्यांचा मिळून एक शंभराचा मोठा गठ्ठा. मोठा गठ्ठा पोरांसमोर सोडायचा, त्यातला एक लहान गठ्ठा घेऊन तोही सोडायचा, म्हणजे शून्याजवळ कुठून येतं ते दिसतं. पंजाबनं बराच वेळ काड्यांकडे पाहिलं. "समजलं," म्हणाला. आयुष्यात नंतर मला बढत्या मिळाल्या, पण तेवढा आनंद त्यांचा झाला नाही.

पुढे अध्यापक विद्यालयाला बी.एड. जोडलं गेलं, मग एम.एड. आलं, टिनाच्या जागी स्लॅब पडला, मी तिथेच शिकवायला लागले. सर निवृत्त झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या बाकावर हजर. कोणी काही विचारलं नाही. पंजाबला निवृत्तीचं वय नसतं, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

आणि आता आमचं विद्यापीठ झालं. आजूबाजूची कॉलेजं त्यात आली, कमान उभी राहिली, दर बुधवारी नवीन फलक. बरं झालं, आमच्या मुलींना पदवीसाठी लांब खोली घेऊन राहावं लागत नाही. मी विभागप्रमुख झाले. फक्त एक अडचण निघाली. विद्यापीठाच्या रचनेत दुसरी-तिसरीचा वर्ग कुठेच बसेना.

कुलगुरू पाहणीला आले. भला माणूस. सरावशाळेच्या खोलीतच बैठक झाली. पाहुण्यांना खुर्च्या, आम्ही पोरांच्या बाकांवर. बहुविद्याशाखीय रचनेत सरावशाळेचे प्रयोजन उरत नसून विद्यार्थ्यांचे अन्यत्र समायोजन करण्यात येईल, असं त्यांनी सांगितलं. मागून बोट वर आलं.

"साहेब, मले समजलं नाही."

कुलगुरूंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. खोलीतल्या आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळेच सरांच्या हाताखाली शिकलेले. पाठ कुठे फसला ते सगळ्यांना कळलं होतं.

"नाही समजलं. हे मास्तर होनारे लेकरं शिकतीन कुठं?"

"आपण त्यांना शाळांवर पाठवू ना. शिरपूरपर्यंत सगळ्या शाळा आहेत."

"तिथं त शिकवाच लागते. पन पह्यलं चुकतीन कोनाजोळ?"

कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. चहा आला. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"विद्यार्थी आहेत," मी म्हणाले.

निर्णय काही बदलला नाही. तीस-पस्तीस लेकरं गावातल्या दुसऱ्या शाळेत गेली. खोल्या परीक्षा विभागाला मिळाल्या. बाक उचलायला माणसं येणार त्या सकाळी मी आधी जाऊन पाहिलं, तर सर होतेच. सगळे बाक भिंतीला लावलेले, त्यांचा शेवटचा तेवढा जागेवर.

"सर, चला. घरी सोडते."

"थांब ना. काहून घाई करून राह्यली?"

मी समोर उभी राहिले. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. "सर, हा पंजाब कोण?"

"माया मोठा भाऊ," ते सहज म्हणाले. "आमी दोघं धनजच्या शाळेत एकाच वर्गात होतो. त्याले हातच्याची वजाबाकी नाही आली. त्यानं इचारलं, शून्य देईन कुठून. पोरं हासले. गुरुजी म्हणे, चला पुढं. मीबी हासलो. वर्ग पुढं गेला, तो तिथंच राह्यला. मंग ढोरामांगं गेला." बाकावरून हात फिरवत म्हणाले, "मरेपर्यंत बजारात सुटे पैसे माया हातात देये. म्हणे, तू मोज, तुले समजते."

बाहेर टेम्पो येऊन लागला होता. माणसं दारात उभी होती. कपाट रिकामं करताना निघालेले काड्यांचे गठ्ठे टेबलावर पडले होते. मी खडू घेतला. फळ्यावर शंभर लिहिलं, खाली सदतीस.

"नाव काय बाळा तुझं?"

सर ताठ बसले. "पंजाब."

मी शिकवायला लागले. शून्याजवळ नाही, शेजाऱ्याकडे गेलो, त्याच्याजवळही नाही, आणखी पुढच्या घरी गेलो. दारातली माणसं पायांची चाळवाचाळव करत होती. मी भराभर हातचे घेतले, रेघ ओढली आणि खाली त्रेसष्ट लिहिलं.

"समजलं?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. बोट वर आलं नाही.

"समजलं, बाई," म्हणाले, आणि बाकातून गुडघे सोडवत हळूहळू उठले.

माणसं आत आली, बाक उचलला. फळा पुसायला मी वळले तेव्हा माझं लक्ष गेलं. शंभराचा गठ्ठा टेबलावर तसाच होता. तो सोडून दाखवायचा मी विसरले होते.