फोर-केचा मुहूर्त

नवीन यंत्र कधी घ्यावं, हे मला जितकं कळतं तितकं केरळातल्या आमच्या अख्ख्या इरिंजालकुड्यात कुणाला कळत नाही. हे मी नाही म्हणत. म्हणजे, मीच म्हणतो, पण गेली कित्येक वर्षं सारखं म्हणतोय आणि आजवर कुणी खोडून काढलेलं नाही!

मी रामनुण्णी. बसस्टँडच्या मागचा पूर्णिमा स्टुडिओ माझा. लग्नाचे व्हिडिओ काढणं हा धंदा, आणि सल्ले देणं ही समाजसेवा. माझं तत्त्व फणसाचं आहे. झाडावर फणस दिसला रे दिसला की कोयता घेऊन धावू नये. तो पिकू द्यावा. वास सुटू द्यावा. दोन-चार शेजाऱ्यांचे हात चिकाने बरबटू द्यावेत. मग आपण शांतपणे गरे खायला बसावं.

"रामनुण्णी, फुल एचडी टीव्ही घेऊ का?" लोक विचारायचे.

"थांबा. फोर-के येतोय."

फोर-के आला की लोक परत यायचे. "आता घेऊ?"

"आता? वेडे की काय! एट-के येऊ घातलाय. आत्ता घेतलात तर पस्तावाल!"

लोक मान डोलवून जायचे आणि सरळ रस्ता ओलांडून विन्सेंटच्या दुकानात शिरायचे. विन्सेंटचा स्टुडिओ माझ्या बरोब्बर समोर. हा माणूस प्रत्येक फणस कच्चा तोडतो. नवं काही निघालं की याच्या दारात खोकी उतरलीच! हळूहळू गावातली लग्नंही रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली. मी मात्र पिकण्याची वाट पाहत राहिलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

हे तत्त्व मला आईकडून आलंय. अम्माने मोतीबिंदूसुद्धा असाच पिकवला. डॉक्टर बिचारे सांगून थकले, "अम्मा, हल्ली पिकायची वाट पाहत नाहीत हो." अम्मा म्हणायची, "तुम्ही नसाल पाहत. आमच्या घरात पाहतात."

पण माझ्या भाचीचं, अंबिळीचं लग्न ठरलं आणि अम्माने एका सकाळी फर्मान काढलं. "चल, डोळे करून घेऊ. अंबिळीच्या गळ्यात ताली बांधताना मला नीट दिसली पाहिजे. आजवर एकाही लग्नात दिसलेली नाही." ताली म्हणजे आमच्याकडचं मंगळसूत्र.

डोळे झाले. पट्टी निघाली. अम्मा घरी आली, खुर्चीत बसली आणि टीव्ही लावायला सांगितला. थोडा वेळ पाहून म्हणाली, "रामा, टीव्ही बिघडलाय."

"नाही अम्मा. तो असाच आहे."

"असाच? इतकी वर्षं? आणि मी उगाच डोळ्यांना दोष देत होते!" मग तिने नजर माझ्याकडे वळवली. "आणि तू कधी म्हातारा झालास रे?"

माझी बायको गिरिजा आत जाऊन हसली. तेवढी माणुसकी तिच्यात आहे.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण लग्न तोंडावर आलेलं असताना अम्मा मागच्या अंगणात घसरली आणि पायाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी खाटेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं. अम्मा रडली नाही. प्लॅस्टरकडे पाहत एवढंच म्हणाली, "डोळे आले, तर पाय गेला. राहू दे. ताली बघणं माझ्या नशिबातच नाही."

मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसलो. "अम्मा, तुला खाटेवरून ताली दिसेल. हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेल्यांना दिसणार नाही इतकी स्वच्छ! त्याच घटकेला!"

आणि मी रस्ता ओलांडला.

विन्सेंट कॅमेऱ्याची काच पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "पिकला का फणस?"

"फोर-के कॅमेरा हवाय. हॉलमध्ये मोठा पडदा हवाय. तेच चित्र घरी अम्माला दिसायला हवं, आणि तिच्यासाठी नवा टीव्ही."

त्याने हातातली काच खाली ठेवली. "चेट्टा, अहो दादा, बरं नाही का तुम्हाला?"

पण माणूस कामाचा. त्याने असा कॅमेरा दाखवला की मी बघतच राहिलो! तिकाटण्यावर ठेवून द्यायचा. तो स्वतः माणसांचे चेहरे शोधतो, स्वतः मान वळवतो, स्वतःच जवळ जातो. तो चेहरा दिसेनासा झाला की दुसरा शोधतो. "त्याच्याजवळ कुणी थांबायची गरजच नाही," विन्सेंट म्हणाला. "फक्त एक सांगतो. मधे कुणी येऊ देऊ नका."

"मधे? अरे, माझा जन्म लग्नाच्या मांडवात गेलाय! मला शिकवतोस?"

लग्नाच्या दिवशी सकाळी गिरिजाने माझ्याकडून वचन घेतलं. "आज तुम्ही व्हिडिओवाले नाही. आज तुम्ही अम्मावन, अंबिळीचे मामा. मामासारखे बाजूला उभे राहा, फुलं टाका, रडा."

"रडेन." मी नवा रेशमी जुब्बा चढवला. जुना कॅमेरा आपला पिशवीत टाकला. नुसता असावा म्हणून.

हॉलमध्ये मांडवाच्या बाजूला विन्सेंटने दारापेक्षा मोठा पडदा उभा केला होता. घरी अम्माजवळ सोसम्मा नर्स बसली होती. मी फोन केला. "दिसतंय का अम्मा?"

"दिसतंय म्हणजे? डावीकडच्या माळेत एक फूल सुकलंय. बदलायला सांग."

मी जाऊन पाहिलं. खरंच सुकलेलं होतं! माझी छाती फुगली. सुकलेलं फूल उपटताना मी विन्सेंटकडे असं पाहिलं, जणू फोर-केचा शोध मीच लावला.

आता एक अडचण आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात असते. ती म्हणजे पहिली पंगत. ताली बांधायची वेळ जवळ आली की निम्मे पाहुणे मांडवाकडे पाठ करून जेवणाच्या हॉलच्या दाराशी जमतात. दार उघडलं की केळीच्या पानासाठी अशी झुंबड उडते की आशीर्वाद बिशीर्वाद सगळं चपलांखाली. या वेळी मुलीच्या बापाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, सेतुमाधवनने कडक बंदोबस्त केला होता. पहिली पंगत नवऱ्या मुलाकडच्यांची! ताली बांधून होईपर्यंत दाराला आतून कडी! आणि राखणीला आत कोण, तर गोविंदन मास्तर. निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे पक्के, शिवाय साखरेचा विकार. अन्नावर वाकडी नजर टाकणार नाही असा गावातला एकमेव माणूस.

मुहूर्त आला. अंबिळी मांडवात बसली. शेजारी नवरा मुलगा श्रीजित, घामाने निथळतोय. पडद्यावर अंबिळीच्या पापण्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट. लोक "आहाहा!" करतायत. पुरोहितांनी ताली श्रीजितच्या हातात दिली. नादस्वरम चढलं, तविलचा ढोल कडाडला…

आणि माझे पाय निघाले!

देवाशपथ सांगतो, मी नाही निघालो. पाय निघाले. तविल तसं वाजलं की आजवर प्रत्येक लग्नात हे पाय मांडवाच्या चौथऱ्यावर चढलेत. त्यांना काय ठाऊक मी आज मामा आहे म्हणून! पिशवीतून कॅमेरा हातात कधी आला तेही कळलं नाही. मी चौथऱ्यावर, गुडघे वाकवलेले, कोपरं फाकवलेली, नवरा-नवरीच्या नाकासमोर. कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. मी म्हटलं, वाजू दे. तो थांबला, पुन्हा थरथरला. पुन्हा थांबला, पुन्हा थरथरला. अशा वेळी कोण उचलतो?

मागे हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मला वाटलं, आनंद झालाय लोकांना.

मग कमलाक्षी टीचरांची किंकाळी आली. कमलाक्षी टीचर म्हणजे गोविंदन मास्तरांच्या पत्नी. "अहोऽऽ! थुंका ते! थुंका म्हणते ना!"

हे काही मंगलाष्टकात बसणारं नव्हतं. तरी मी वळलो नाही. ताली बांधली जात होती, पहिली गाठ बसली होती. माझ्या पाठीमागे खुर्च्या करकरल्या. पावलं धडधडली. मी मनात म्हटलं, काय हे प्रेम! लोक जवळून बघायला धावतायत!

तिसरी गाठ बसली. मी कॅमेरा खाली घेतला, डोळे पुसले आणि वळलो.

हॉल रिकामा. नुसत्या आडव्या खुर्च्या. आणि मोठ्या पडद्यावर, दारापेक्षा मोठे, गोविंदन मास्तर!

झालं होतं असं. कॅमेऱ्यासमोर मी उभा राहिलो. कॅमेऱ्याला चेहरा हवा, आणि दिसतेय माझी पाठ. त्याने शहाण्यासारखी मान वळवली आणि दुसरा चेहरा शोधला. जेवणाच्या हॉलची खिडकी उकाड्याने सताड उघडी होती. आत पानं मांडलेली, आणि पहिल्याच पानावर मास्तर! गुळात घोळवलेले केळ्याचे काप ते एकामागून एक तोंडात टाकत होते. मिशीवरचा गुळाचा कण न् कण दिसत होता. चित्र इतकं उत्तम की पानावरचा पापड बघूनच भूक लागावी!

पानं मांडलेली दिसली, पहिल्या पानावर माणूस बसलेला दिसला, मग कोण थांबतोय? एकाने "पंगत बसली!" म्हणून आरोळी ठोकली आणि अख्खं लग्न दाराकडे. श्रीजितचे काका सगळ्यांच्या पुढे. "पहिली पंगत आमची ठरली होती! हा अपमान आहे!" असं ओरडत होते, पण पळता पळता. तविलवालाही नजर तिकडे लावून वाजवत होता. सेतुमाधवन मुलीचा बाप म्हणून जागचा हलू शकत नव्हता. तो फक्त माझ्याकडे बघत होता, आणि ती नजर टिपायला फोर-केची गरज नव्हती.

अंबिळीने हळूच मान वर केली. "अम्मावा, लग्न लागलं का?"

"लागलं ग बाळ."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

"मीपण पाहिलं," श्रीजित चाचरत म्हणाला. मुलगा चांगला आहे.

तेव्हा कुठे मला अम्मा आठवली. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तिने मास्तरांना गूळ खाताना पाहिलं! मी फोन काढला. सोसम्माचे फोनच फोन येऊन गेलेले. उलट फोन करायचं धाडस झालं नाही.

जेवणं झाली, भांडण मिटलं. पायसमची दुसरी वाटी मिळाल्यावर काकांचा अपमान आपोआप कमी झाला. सासरी जायच्या आधी नवरा-नवरीला अम्माच्या पाया पडायला घरी न्यायचं होतं. मी त्यांच्या पुढे पळालो. सोसम्माने तोंडाला पदर लावूनच दार उघडलं. अम्मा उशीला टेकून बसली होती. मी जुना कॅमेरा नव्या टीव्हीला जोडला. निदान तालीचं चित्र तरी त्यात होतं.

चित्र लागलं. एवढ्या मोठ्या टीव्हीवर ते जुनं चित्र म्हणजे नुसतं धुकं. त्या धुक्यात काहीतरी पिवळं हललं.

"बंद कर," अम्मा म्हणाली. "मोतीबिंदू होता तेव्हा मला असंच दिसायचं."

मी बंद केलं. तेवढ्यात अंबिळी आली. ती वाकणार तोच अम्माने तिला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि गळ्यातली ताली तळहातावर घेतली. खिडकीकडे वळवली. उलटून पाहिली, सुलटून पाहिली. कितीतरी वेळ पाहत राहिली. "मधे ओम आहे," ती म्हणाली. "बारीक आहे, पण दिसतोय मला." तिच्या नव्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही जुन्या डोळ्यांतून आलं. गिरिजाने सकाळी रडा म्हणून सांगितलं होतं, ते आत्ता जमलं.

मग अम्माने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "फोन का नाही उचललास?"

"अम्मा, तेव्हा ताली बांधत होते…"

"म्हणूनच करायला लावला ना! 'बाजूला हो' सांगायला! इतकी लग्नं झाली घरात, प्रत्येक लग्नात मी काय पाहिलं? तुझी पाठ! मला वाटायचं, डोळे अधू आहेत म्हणून ताली दिसत नाही. आज डोळे नवे, टीव्ही नवा, आणि समोर काय? तीच पाठ! फक्त स्वच्छ! तुझा जुब्बा काखेत उसवलाय. टाका न् टाका दिसला."

मी काखेत हात घातला. बोट आरपार गेलं.

"पुढच्या लग्नाला तू असं कर," अम्मा म्हणाली. "मास्तरांच्या शेजारी पहिल्या पंगतीला बस. म्हणजे लोकांना लग्न दिसेल."

परवा विन्सेंट रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "चेट्टा, एट-के आलाय. घेता का?"

मी म्हटलं, "थांब जरा. जुब्बा शिवायला टाकलाय."