किडे सुखरूप आहेत

शत्रूचा नायनाट करायचा तर आधी त्याची नीट ओळख करून घ्यावी लागते, आणि ओळख वाढली की निदान त्याच्या जेवणाखाणाची चौकशी करावी लागते. मोठमोठी राज्यं आणि नगरपालिका याच तत्त्वावर चालतात. आमच्या दंतवैद्यांना तर हे विद्यार्थिदशेपासूनच ठाऊक होतं. लोकांचे दात किडले नाहीत तर दंतवैद्याने खायचं काय?

दंतवैद्यांच्या घरी सोफ्यासमोर, जिथे इतरांकडे टीव्ही असतो, तिथे खाऱ्या पाण्याची लांबलचक काचेची टाकी होती. तिच्यात प्रवाळं होती. प्रवाळ हा पाळीव प्राणी आहे, पण तो भुंकत नाही, पळून जात नाही आणि पाहुण्यांच्या अंगावर येत नाही. त्यामुळे त्याच्या मालकाला समाजात थोडा जास्त मान असतो. (ज्यांना तो मिळत नाही, ते मंडळ काढतात.) शहरात हौशी प्रवाळपालकांचं असं एक मंडळ होतं आणि दंतवैद्य त्याचे चिटणीस होते.

टाकीतली बाकीची प्रवाळं त्यांची. मधल्या खडकावरचं निळं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ मात्र बायकोचं. "तुला समुद्रावर नेतो," असं दंतवैद्य लग्न झाल्यापासून म्हणत आले होते. दवाखाना काही सुटेना. शेवटी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला त्यांनी तिला नखाएवढं निळं प्रवाळ आणून दिलं; समुद्र नाही तर नाही, समुद्रातलं काहीतरी. ती आधी हिरमुसली, मग त्याच्या नादी लागली. रोज सकाळी ड्रॉपरने त्याला भरवायची, आणि पूर्वी ज्या आवाजात दंतवैद्यांशी बोलायची त्या आवाजात त्याच्याशी बोलायची. नखाएवढं होतं ते ओंजळीएवढं झालं, ते तिच्या हातचं.

कीड आली ती मंडळातल्या चष्मेवाल्याने प्रेमाने दिलेल्या एका तुकड्यासोबत. चपटा, तांदळाच्या दाण्याएवढा, जवळजवळ पारदर्शक किडा. फांद्यांचं प्रवाळ सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. ज्याचं खातो त्याच्याच रंगाचा होतो, म्हणून चटकन दिसत नाही. (हा गुण इतरत्रही आढळतो.) नर-मादी असा भेद त्याच्यात नाही, दोन किडे भेटले की अंडी दोघेही घालतात, त्यामुळे घरकामाच्या वाटणीवरून भांडण होत नाही. मंडळाने तातडीने पाहणी केली, तेव्हा चाळीस टक्के सभासदांच्या टाकीत कीड निघाली. उरलेल्या साठ टक्क्यांकडे भिंग नव्हतं.

बायकोने पहिल्याच दिवशी उपाय सुचवला. किड्याला दुसरं काही खाताच येत नाही ना? मग सगळी प्रवाळं स्वच्छ धुवायची, देठांवरची अंडी खरवडायची, आणि प्रवाळं घरात रिकामी पडलेल्या त्या जादाच्या लहान टाकीत ठेवायची. मोठी टाकी दोनेक महिने तशीच सोडून द्यायची. किडे उपाशी मरतील.

दंतवैद्य हसले. दात उपटून टाका म्हणणाऱ्या रुग्णाकडे बघून ते असंच हसत. सदर प्रस्ताव पुढील कारणांसाठी फेटाळण्यात आला: तो फार सोपा होता; त्याने कीड खरोखरच गेली असती, म्हणजे तिच्याविषयी आणखी काही कळायची सोय राहिली नसती; आणि जादाची टाकी किड्यांसाठी राखून ठेवलेली होती.

अशा रीतीने गृहसंशोधनाला प्रारंभ झाला. दातांची पुटं काढायच्या हत्याराने दंतवैद्यांनी अंडी अलगद उचलली, पिचकारीने किडे उडवून गोळा केले आणि जादाच्या, म्हणजे आता प्रयोगाच्या, टाकीत सोडले. पण काचेवर बसलेले किडे दोन दिवसांत मलूल दिसू लागले. आता अशक्त किडा मेला, तर तो औषधाने मेला की अशक्तपणाने, हे कोण सांगणार? प्रयोगासाठी धडधाकट किडा हवा. धडधाकट किड्याला चौरस आहार हवा. दंतवैद्यांनी मोठ्या टाकीतल्या हिरव्या प्रवाळाची एक फांदी मोडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. शास्त्रासाठी माणसाला काहीतरी सोडावं लागतंच. सुरुवात हिरव्यापासून झाली.

प्रयोग बरेच झाले. औषधी पाण्याची आंघोळ झाली. गरम पाणी झालं, अंधार झाला. किडे खातो अशी ख्याती असलेला एक मासा आणला. त्याने किडे सोडून सगळं खाल्लं आणि अंगाने भरला. एक औषध मात्र असं लागू पडलं की तासाभरात तीन चतुर्थांश किडे तळाला गेले. इतक्या मेहनतीने जमवलेला नमुना हातचा चालला होता. दंतवैद्यांनी धावत जाऊन पाणी बदललं, उरलेल्यांना जांभळ्या प्रवाळाचा कोवळा शेंडा खाऊ घातला, आणि ते पुन्हा हालचाल करू लागले तेव्हाच स्वतः जेवले. त्यानंतर औषधाची मात्रा सुरक्षित पातळीवर ठेवायचं ठरलं. सुरक्षित म्हणजे किड्यांना.

निष्कर्ष ते दवाखान्यात सांगत. रुग्णाचं तोंड उघडं आणि आत कापूस असल्याने चर्चेत मतभेद होत नसत. मंडळात 'किडीचं निर्मूलन: एक दृष्टिक्षेप' या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं, ते इतकं रंगलं की प्रत्येकालाच घरी निर्मूलन सुरू करावंसं वाटलं. पण ज्यांच्याकडे कीडच नाही त्यांनी काय करायचं? ही विषमता मंडळाला शोभणारी नव्हती. दंतवैद्यांनी उदार मनाने छोट्या बरण्यांतून किडे वाटले. पुढच्या पाहणीत प्रमाण शंभर टक्के निघालं आणि अध्यक्षांनी सभासदांच्या उत्साहाबद्दल समाधान व्यक्त केलं.

इकडे हिरवं संपलं, जांभळं संपलं, पिवळ्याचा नुसता पांढरा सांगाडा उरला. राहिलं ते निळं. बायको रोज भिंग घेऊन त्याच्यावरचा एकेक किडा टिपून काढत होती. एके संध्याकाळी तिने मंडळातल्या लोकांना फोन लावले: माझं प्रवाळ थोडे दिवस तुमच्याकडे ठेवाल का? सगळ्यांनी आनंदाने होकार दिला. चष्मेवाला तर म्हणाला, "वहिनी, आत्ताच आणा. आमच्याकडेही खाद्याची फार चणचण आहे."

तिने फोन ठेवला. दंतवैद्य प्रयोगाच्या टाकीवर वाकलेले होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"अहो, खरं सांगा. हे किडे मेले तर तुमचं काय जाईल?"

दंतवैद्यांनी भिंग खाली ठेवलं. या प्रश्नाला त्यांच्याजवळ तयार उत्तर नव्हतं, म्हणून नाइलाजाने खरं तोंडून निघून गेलं.

"मग संध्याकाळी मी करू काय?"

बिचारे खोटं बोलत नव्हते. दिवसभर माणसं त्यांच्याकडे नाखुशीने येत, तोंड उघडत आणि काम झालं की पळ काढत. किड्यांमुळे लोक पहिल्यांदाच आपणहून त्यांना काहीतरी विचारू लागले होते.

"मीही विचारायचे की," ती म्हणाली. "दिवस कसा गेला म्हणून. तुम्ही 'ठीक' म्हणायचात."

दंतवैद्यांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं. निळ्याला हात लावणार नाही, असा त्यांनी तिला शब्द दिला आणि तो आठवडाभर पाळला. त्या आठवड्यात किडे बारीक झाले, त्यांचा रंग उडाला, काही काचेवरून सुटून पडू लागले. आणखी थोडे दिवस हात बांधून बसले असते, तर घरातली कीड कायमची गेली असती. हे काही त्यांच्याने बघवेना. ती कामावर गेलेली असताना त्यांनी निळ्याची एक फांदी मोडली. केवळ तात्पुरत्या स्वरूपात. तात्पुरत्या निर्णयाचं एक असतं, तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

पहिल्या फांदीच्या वेळी बायको रडली. दुसऱ्या फांदीच्या वेळी भांडली. तिसरीच्या वेळी काहीच बोलली नाही. घरातला विरोध मावळला असून प्रकल्पाला आता कुटुंबाचं पूर्ण सहकार्य आहे, असं दंतवैद्यांनी मंडळाला कळवलं.

आता मोठ्या टाकीत सगळं पांढरं आहे आणि पाणी अतिशय स्वच्छ आहे. लहान टाकीतले किडे निळसर झाले आहेत, प्रकृतीने उत्तम आहेत. पाहुणे येतात, दंतवैद्य त्यांच्या हातात भिंग देतात आणि बायको चहा ठेवायला आत जाते. चहा घेऊन ती पुन्हा बाहेर येते, पण सोफ्यावर बसत नाही.

दंतवैद्य विक्षिप्त आहेत असं तुमचं मत झालं असेल, आणि ते रास्तच आहे. तुमच्या न्हाणीघरातला नळ गळतो ती गोष्ट वेगळी. तुम्ही त्याच्याखाली बादली ठेवलीत, चावी डावीकडे किंचित दाबून धरली की धार कमी होते हा शोध लावलात, आणि बादली किती वेळात भरते हे आल्यागेल्याला कौतुकाने सांगता. प्लंबरला बोलवा, असं घरातल्या कोणीतरी पूर्वी सांगायचं. तुम्ही "बघू" म्हणायचात. हल्ली ते माणूस काही सांगत नाही, आणि त्यामुळे घरात कशी शांतता आहे, नाही का? एवढं वाचेपर्यंत बादली भरली असेल. तुम्ही उठू नका. ते माणूस गेलं आहे ओतायला.