सबनीसकाकांचा पहिला पॉइंट

माणूस माणसाला भेटला की ‘कसं काय’ विचारतो. सबनीसकाका विचारायचे, “पॉइंट किती?”

जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला आलो, तेव्हा वरच्या मजल्यावर मराठी कुटुंब आहे एवढंच कळलं होतं. कुटुंब म्हणजे काका एकटेच निघाले. गाड्यांच्या गिअरबॉक्सवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले, काकू जाऊन काही वर्षं झालेली. पहिल्याच भेटीत त्यांनी मला पॉइंट विचारले. मला वाटलं, क्रिकेटबद्दल बोलतायत.

“आल्झो, तर असं आहे,” काका म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत समजावत राहिले. गाडी चालवताना गुन्हा केला की लायसन्सवर पॉइंट चढतात. गावात फार वेगानं गेलात, एक. लाल दिवा तोडला, एक. दिवा लाल होऊन सेकंद उलटल्यावर तोडला तर दोन, वर महिनाभर गाडी बंद. चार झाले की समज, सहा झाले की ताकीद, आठ झाले की लायसन्स गेलं. या सगळ्याची नोंद तिकडे उत्तरेला फ्लेन्सबुर्गच्या कचेरीत होते. “तिथे चित्रगुप्त बसतो,” काका म्हणायचे, “पण जर्मन. वशिला चालत नाही.”

काकांच्या नावावर इतक्या वर्षांत एकही पॉइंट नव्हता. गाडी काढण्याआधी ते तिला प्रदक्षिणा घालत. छोट्या रस्त्यांवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा इथला नियम. तो त्यांच्या अंगात इतका भिनला होता की गणपतीच्या जेवणाला पानं वाढली जायची तेव्हाही ते उजवीकडून येणाऱ्या प्रत्येकाला आधी जाऊ देत. एका वर्षी त्यांच्या वाट्याला मोदक उरला नाही. “गेनाऊ, अगदी बरोबर,” ते समाधानानं म्हणाले, “नियम म्हणजे नियम.”

हाच माणूस साताऱ्यात कॉलेजला असताना एका स्कूटरवर चौघं बसून सज्जनगडाला जायचा, समोर पोलीस दिसला की चौथा उतरून पळायचा, हे मात्र ते फार खुशीत सांगत. तो चौथा तेच असायचे.

मला इथलं लायसन्स त्यांच्यामुळेच मिळालं. संध्याकाळी ते माझी थिअरी घोकून घेत आणि दर शनिवारी न्युरेंबर्गला देशी भाजी आणायला मला शेजारी बसवून नेत. मेथीचा वास भरलेली ती गाडी, आणि मागे खोळंबलेल्या गाड्यांची रांग. माझ्या जर्मनीतल्या पहिल्या दिवसांना अजून तोच वास आहे.

त्यांच्या मुलाबद्दल, निखिलबद्दल, ते अशाच एका फेरीत बोलले. निखिलला लायसन्स मिळालं आणि काही महिन्यांतच गावात वेगाच्या कॅमेऱ्यानं त्याला टिपलं. एक पॉइंट. काकांनी गणपतीत सगळ्यांसमोर त्याला उभं करून तो किस्सा सांगायला लावला, नव्या पोरांना धडा मिळावा म्हणून. पुढे वर्षभर जो भेटेल त्याला ते त्याचंच उदाहरण देत राहिले. निखिल शिकायला हॅम्बर्गला गेला, तिथेच नोकरीला लागला. काकू होत्या तोवर त्याचे फोन त्यांना यायचे. काकू गेल्या आणि फोनही थांबले.

“आपण केला तर त्याचं एकच उत्तर असतं, ‘कामात आहे’. तेही जर्मनमध्ये,” काका म्हणाले आणि आरसा उगाच नीट केला.

त्यानंतरचीच गोष्ट. असेच एका शनिवारी आम्ही भाजी घेऊन परतत होतो. काकांचा फोन नेहमीप्रमाणे डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेला होता. तो वाजला. मी काढून पाहिला आणि नाव वाचलं, “निखिल.”

काकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. चालत्या गाडीत, कानाला लावला. मी बघतच राहिलो.

मागची गाडी पोलिसांची होती. त्यांनी पुढे येऊन आम्हाला बाजूला घेतलं. अधिकारी खिडकीशी वाकला, तर काकांनी त्यालाच बोट वर करून थांबवलं. “आइन मोमेंट. माइन झोन.” माझा मुलगा आहे. आणि मग मराठीत, सावकाश, “नाही रे राजा, आमसूल शेवटी. डाळीला उकळी आली की टाकायचं. आई तसंच करायची. हो. गूळ? लिंबाएवढा.”

आमटी पूर्ण होईपर्यंत तो अधिकारी उभा राहिला. मग त्यानं त्याचं काम केलं. हातात फोन धरून गाडी चालवली, दंड आणि एक पॉइंट. काकांनी हुज्जत घातली नाही.

तो गेल्यावर मी म्हणालो, “काका, मी उचलला असता. नाहीतर गाडी बाजूला घेऊन बोलायचं होतंत.”

काकांनी फोन परत कप्प्यात ठेवला.

“मी थांबेपर्यंत त्यानं ठेवून दिला असता तर?” ते म्हणाले.

मी आता फ्रँकफर्टला असतो. काका शनिवारी गाडी काढत नाहीत. भाजी शुक्रवारीच आणून ठेवतात. शनिवारी दुपारी निखिल स्वयंपाकाला लागतो, आणि त्याला काहीतरी विचारायचं असतं.