सावलीगडाचे पळालेले वाचक

“दक्षिण इंग्लंडातला एकमेव मराठी गुप्तहेर,” अशी परीक्षित स्वतःची ओळख करून देई. “दिवसा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, उरलेल्या वेळात माणसांमधल्या. आजवर एकही गुन्हेगार माझ्या हातून सुटलेला नाही.”

हे खरंच होतं. सुटायला आधी हाती लागावा लागतो.

बेसिंगस्टोकच्या फ्लॅटमध्ये त्याच्यासोबत राहणारा शार्दूल अशा वेळी गप्प बसे. तो रसायनशास्त्र शिकलेला होता. काही पदार्थ ढवळायचे नसतात, हे त्याला माहीत होतं.

२००७च्या उन्हाळ्यात मात्र एक खरी केस आली. स्लाऊला राहणारी त्यांची मैत्रीण ऋजुता ब्लॉगवर ‘सावलीगड’ ही अद्भुत कादंबरी लिहीत होती. दर शुक्रवारी एक प्रकरण. सावलीगडचा राजा कर म्हणून प्रजेच्या सावल्या वसूल करी आणि मृण्मयी नावाची शिंपीण लोकांना गुपचूप नव्या सावल्या शिवून देई. गेल्या शुक्रवारी ती बुरुजावरून दोराला लटकत होती, आणि वर पहारेकऱ्याने सुरा काढला होता.

पुढचा शुक्रवार उजाडायच्या आधीच शार्दूलला ऋजुताचा फोन आला. “मी थांबवतेय. नवीन लोक येतात, पहिलं प्रकरण उघडतात आणि गायब होतात. त्याच चार टाळक्यांसाठी किती लिहू? पुढचं प्रकरण तयार आहे, पण नाही टाकणार.”

शार्दूलने फोन स्पीकरवर टाकला. मृण्मयी आता जन्मभर लटकणार!

“एक तरी नवा वाचक शेवटपर्यंत टिकला, तर टाकशील?” त्याने विचारलं.

“एक? बरं. टाकीन.”

“आश्चर्य आहे,” परीक्षित येरझाऱ्या घालत म्हणाला. “शिफारस तर मी जातीने करतोय. ऑफिसात, ट्रेनमध्ये, मंडळाच्या पिकनिकला. एकेकाला तासभर धरून बसवतो!”

त्याचा पहिला तर्क असा, की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसत असणार. शार्दूलने त्याला ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर ब्लॉग उघडायला लावला. अक्षरं ठणठणीत होती. दुसरा तर्क, स्लाऊमध्ये ऋजुताचा एखादा प्रतिस्पर्धी लेखक दबा धरून बसलाय. स्लाऊमध्ये दुसरं कुणीच लिहीत नव्हतं. “म्हणजे तो किती सावध आहे बघ!” परीक्षित म्हणाला.

रविवारी ते साक्षीदार तपासायला वेम्बलीला गेले. परीक्षितच्या वडिलांचे मित्र मुरलीधरकाका आणि नीनाकाकू तिथे तीस वर्षं राहत होते. गेल्याच रविवारी परीक्षितने त्यांना कादंबरी सुचवली होती.

“काका, पहिलं प्रकरण वाचलंत ना? मग थांबलात का?”

“छान आहे रे. पण प्रधानच खरा राजा, हे माहीत होतं. मग म्हटलं, क्रिकेट बघू.”

परीक्षित ताडकन उठला. “माहीत होतं? शार्दूल, ऐकलंस? हे तर अकराव्या प्रकरणातलं गुपित! कुणीतरी नव्या वाचकांना आधीच गाठून कथा फोडतंय. काका, त्याचं वर्णन करा. उंची? दाढी? हातवारे करतो का?”

काकांनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं. “करतो की. आत्तासुद्धा करतोय.”

“म्हणजे तो जवळपासच आहे!”

नीनाकाकू साबुदाणावड्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या. “अरे शहाण्या, तूच नाही का सांगितलंस? प्रधान कोण, शिंपिणीची आई कोण, कोण कुणाला विष घालतो. माझा भात गार झाला ऐकता ऐकता.”

“काकू, ती शिफारस होती!”

“तो शेवटपर्यंतचा वृत्तान्त होता. उरलं काय आमच्यासाठी वाचायला?”

परीक्षितने बोट वर केलं. “म्हणजे फितूर आपल्यातलाच आहे, हा माझा तर्क बरोबर होता.”

हा तर्क त्याने कधीच मांडला नव्हता, पण शार्दूलने वाद घातला नाही. कारण तेवढ्यात काकूंची भाची मंजिरी ईलिंग रोडवरून कोथिंबीर घेऊन आत आली. महिन्यापूर्वी नागपूरहून आलेली, मराठी वाचणारी, आणि परीक्षितला अजून न सापडलेली. शार्दूलच्या दृष्टीने शुद्ध नमुना.

“मंजिरी, ‘सावलीगड’ वाच,” तो घाईने म्हणाला.

“काय आहे त्यात?”

परीक्षितने तोंड उघडलं. काकूंनी त्यात वडा कोंबला. त्याचे डोळे मोठे झाले, कपाळाची शीर तटतटली, हात आपोआप बुरुजाचा आकार करू लागले.

“अगंबाई! इतकं भयंकर आहे?” मंजिरी म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. काकांना स्कोअर बघता आला नाही. शेवटी शार्दूलकडून नंबर घेऊन तिनेच ऋजुताला फोन लावला. “अहो ताई, असं कुणी माणसाला दोराला लटकवून ठेवतं का हो?”

ऋजुता शब्दाला जागली. शार्दूल बेसिंगस्टोकला पोचला, तेव्हा नवं प्रकरण आलं होतं. पण त्याने बूट काढेपर्यंत परीक्षितने ते उघडलं होतं, आणि वाचता वाचता त्याची भुवई वर चढली होती.

“बाप रे! शार्दूल, तो पहारेकरी म्हणजे—”

शार्दूलने लॅपटॉप हिसकावला, बाथरूममध्ये शिरला, आतून कडी घातली आणि शॉवर पूर्ण सोडला.

“अरे, फक्त पहिलं वाक्य सांगतो!” बाहेरून आवाज आला. “त्याने काही बिघडत नाही!”

शार्दूल टबाच्या काठावर बसला, एका हाताने लॅपटॉपवर टॉवेल धरला आणि वाचू लागला.