हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे

निवृत्त झाल्यावर आठव्या महिन्यात नानांनी स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमे लावले. निर्णय तसा किरकोळ होता. शिस्त दिसावी म्हणून त्यांनी आधी सगळं सामान एकसारख्या डब्यांत भरून घेतलं आणि मग अक्षरांप्रमाणे ओळीने मांडलं. त्यात साखर आणि साबणाची पावडर शेजारी शेजारी आली, याला वर्णमाला जबाबदार होती, नाना नव्हे. (असं त्यांनी नंतर दोन-तीनदा सांगून पाहिलं.)

दुपारी काकूंनी चहा टाकला. चहाला फेस आला. गॅस बंद केला तरी फेस येतच राहिला. काकूंनी ते पातेलं शांतपणे मोरीत ओतलं, हात पुसले आणि त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठेतरी लांब, शांत ठिकाणी जाऊन राहिलात तर बरं होईल."

दुसरा कुठलाही नवरा असता तर काय समजायचं ते समजून तासभर बाहेर फिरून आला असता. पण नाना म्हणजे आस्थापना शाखेचे निवृत्त हेडक्लार्क. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, ते म्हणजे लोकांच्या बदल्या. कुणाला समुद्रकाठाहून डोंगरात धाड, कुणाला डोंगरातून वाळवंटात. माणूस रडत येवो की ओरडत, नाना चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "अर्ज करा." त्यामुळे काकूंचं वाक्य त्यांच्या कानात शिरलं ते अर्ज होऊनच. त्यांनी त्याच दिवशी नवी फाइल उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'निवृत्तीनंतरचे निवासस्थान. संदर्भ : पत्नीची तोंडी विनंती. अपेक्षा : १) लांब, २) शांत.'

बिचारीने इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नाही, या विचाराने त्यांना जरा भरूनही आलं.

पुढचे तीन महिने नाना जागा पाहत होते. अधूनमधून दोन-दोन दिवस बाहेरगावी जाऊन येत. कुठे चाललोय हे ते सांगत नसत, कारण फाइल पूर्ण होईपर्यंत बाहेर काही फोडायचं नाही ही त्यांची जुनी सवय. काकू फक्त विचारत, "दोनच दिवस?" त्या सुरातली निराशा नानांच्या मनाला लागे. बायकोला आपल्यावाचून करमत नाही, असं त्यांनी फाइलमध्ये लिहिलं नाही इतकंच.

शेवटी तळ्याकाठचं एक बैठं घर शंभरपैकी सत्याऐंशी गुण मिळवून पहिलं आलं. समोर पाणी, मागे झाडी. बाजार सहा किलोमीटरवर. 'शेजाऱ्यांचा त्रास' या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी गुण होते, कारण शेजारीच नव्हते. नानांनी घरमालकाला तोंडी होकार कळवला आणि मग, नियमाप्रमाणे, बाधित व्यक्तीला कळवण्याचं काम हाती घेतलं.

घरात कळवण्याची जागा म्हणजे फ्रिजचं दार. निवृत्तीपासून नाना तिथे नोटिसा लावत. 'दिवे वेळेवर मालवणेबाबत.' 'दुपारच्या जेवणाची वेळ निश्चित करणेबाबत.' 'रेडिओचा आवाज मर्यादित ठेवणेबाबत.' अशा सव्वीस झाल्या होत्या. काकूंनी तिसरीनंतर वाचायचं सोडून दिलं होतं, हे नानांना ठाऊक नव्हतं. सत्ताविसावी नोटीस त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिली. सध्याचं घर भाड्याने देऊन उभयतांनी तळ्याकाठी राहायला जाण्याचं योजलं आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे, मुदतीत हरकत न आल्यास काही हरकत नाही असे समजण्यात येईल. खाली सही, तारीख.

पाचव्या दिवशी त्या नोटिशीच्या तळाशी पेन्सिलने लिहिलेलं दिसलं : 'काडेपेटी, सुया, इस्त्रीचे कपडे आणणे.' नानांना आनंद झाला. म्हणजे कागद तिच्या नजरेखालून गेला होता, आणि ती प्रवासाच्या तयारीलाही लागली होती.

मुलीचा फोन आला तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"बाबा, आईला विचारलंत?"

"रीतसर."

"ती काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही. तेच तर."

"तोंडाने विचारलंत का?"

"तोंडाने विचारलेल्याचा पुरावा राहत नाही," नाना म्हणाले. मग मुलगी म्हणाली की तिच्या दारावर कुणीतरी आलंय.

पंधरा दिवस झाले. मधे दोन रविवार आले म्हणून नानांनी आणखी दोन दिवस वाढवून दिले. हरकत आली नाही. मग त्यांनी 'हरकत नसल्याचा दाखला' तयार केला आणि त्यावर स्वतःच सही केली. या दाखल्याची गरज होती, कारण घर काकूंच्या नावावर होतं. वीस वर्षांपूर्वी काकूंच्या वडिलांनी ते लेकीला दिलं होतं. नाना ही गोष्ट विसरले नव्हते, पण ती तांत्रिक बाब आहे असं त्यांचं मत होतं.

भाडेकरूही चांगला मिळाला. पलीकडच्या गल्लीत नवा दवाखाना काढलेला दातांचा डॉक्टर, आणि त्याची आई. काकू वरच्या मजल्यावर गप्पांना गेल्या असताना घर दाखवून झालं. करार झाला, तारीख ठरली. काकूंना तारीख आयत्या वेळी सांगून चकित करावं असा नानांचा बेत होता. नेमकं त्या सकाळी त्यांना केस कापायला जायची लहर आली.

दारात टेम्पो उभा राहिला. पुढच्या सीटवरून मांडीवर कुंडी घेतलेल्या एक बाई उतरल्या आणि जिना चढून आल्या. मागे उशा घेतलेला डॉक्टर. काकूंनी दार उघडलं.

"आलो बाई एकदाचे," डॉक्टरची आई म्हणाली.

काकूंना वाटलं, नवऱ्याच्या नात्यातलं कुणी असेल. "या, या. बसा. राहणार आहात ना?"

"म्हणजे काय. राहायलाच आलोय."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला होता, तो त्यांनी तसाच परत घेतला आणि स्वतः प्यायला. तेवढ्यात हमालांनी कपाट वर आणलं आणि कुठे ठेवायचं ते विचारलं. डॉक्टर म्हणाला, "काकू, तुमचं सामान अजून इथेच आहे. तुम्ही तळ्यावर कधी निघताय?"

"कुठल्या तळ्यावर?"

अर्ध्या तासाने नाना बारीक केस कापून, मजेत जिना चढून वर आले तेव्हा जिन्यात एक कपाट आडवं पडलं होतं. दिवाणखान्यात डॉक्टर उशीवर बसला होता. त्याच्या आईच्या मांडीवर अजून कुंडी होती. आणि काकूंच्या हातात फ्रिजवरची सत्ताविसावी नोटीस होती. त्या ती पहिल्यांदाच वाचत होत्या.

"ही काय भानगड आहे?"

"मुदत संपली," नाना म्हणाले. अशा वेळी याहून वाईट वाक्य सापडणं कठीण होतं.

"यांनी दाखला दिलाय ना आम्हाला," डॉक्टरने खिशातून कागद काढला. "मालकीणबाईंची हरकत नाही म्हणून. मालकीणबाई कुठे असतात?"

"ही काय, तुमच्यासमोर उभी आहे. आणि तिची हरकत आहे," काकू म्हणाल्या.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. चौतीस वर्षांत त्यांनी काढलेला एकही कागद असा भर दिवाणखान्यात उलटला नव्हता. "पण तूच म्हणालीस," ते कसेबसे बोलले, "लांब, शांत ठिकाणी जाऊन राहावं म्हणून."

"तुम्ही राहावं म्हणाले होते. मी येते असं कधी म्हटलं?"

नानांच्या डोळ्यांसमोर तळं उभं राहिलं. आता त्या सत्याऐंशी गुणांच्या घरात ते एकटेच होते, चहा पाहिजे होता आणि साखरेचा डबा कुठला ते माहीत नव्हतं. "मग तुला कुठे राहायचंय?" त्यांनी विचारलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न ते पहिल्यांदाच तोंडाने विचारत होते.

"इथेच."

"इथे तर राहतोच आहोत."

"नाही राहत," काकू म्हणाल्या. "दहा ते सहा हे घर माझं होतं. रेडिओ लावायचे, पार रस्त्यावर ऐकू जाईल असा. जेवावंसं वाटलं की जेवायचे, कधी तीन वाजता, खिडकीत उभ्यानेच. वरच्या मजल्यावरच्या यायच्या, आम्ही फरशीवर पाय पसरून हसायचो. सहाला तुम्ही आलात की बरं वाटायचं, खोटं नाही सांगत. तुम्ही निवृत्त झालात आणि माझं घर गेलं. आता तर डबेसुद्धा मला विचारून जागेवर बसत नाहीत."

नाना खाली बसले. दुपारी बारा वाजताचं आपलं घर कसं असतं हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. आपण असंख्य लोकांना घरातून हलवलं, आणि घरात बसल्या बसल्या आणखी एकीला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. मनापासून वाटलं. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि हे वाक्य कुठल्याही मसुद्याशिवाय आलं.

डॉक्टरची आई खाकरली. "ते सगळं खरं, पण आम्ही कुठे जायचं? टेम्पोवाला ओरडतोय."

काकूंनी फोन उचलला. तिसऱ्या मजल्यावरचं घर सहा महिने रिकामं होतं. त्याच्या किल्ल्या काकूंच्याच चहाच्या डब्यामागे होत्या आणि घरमालकीण त्यांची जिवाभावाची मैत्रीण. चार मिनिटांत जागा पक्की झाली. हमालांनी आडवं कपाट उचललं आणि वर चालू लागले. नाना ज्या गोष्टीला तीन महिने आणि एक फाइल लावत होते ती इतकी झटपट होते, हे त्यांना नवीनच होतं.

"फार उपकार झाले," डॉक्टरच्या आईने शेवटी कुंडी खाली ठेवली. "याचं एक मार्गी लागलं. आता दवाखान्यात माणूस मिळाला की मी सुटले. नंबर द्यायला कुणी टिकतच नाही हो. पेशंट भांडतात, माझी दाढ आधी, माझी दाढ आधी. ऐकून न घेणारा माणूस पाहिजे."

काकूंनी हळूच मान वळवून नानांकडे पाहिलं.

"वेळ काय असते?" त्यांनी विचारलं.

"दहा ते सहा."

"आणि जेवायला?"

"डबा आणायचा. तिथेच खायचं."

"वर्णानुक्रमाने नंबर देतात ते," काकू म्हणाल्या. "उद्यापासून पाठवते."

नानांनी तोंड उघडलं, पण हरकत घ्यायला आपल्याकडे आता काय तोंड उरलं आहे, असा विचार करून ते मिटलं. तळ्याकाठच्या मालकाला त्यांनी नकार कळवला. फ्रिजवरचे सत्तावीस कागद स्वतःच्या हाताने उतरवले. डबे काकूंनी लावले, त्यांना वाटलं तसे.

दवाखान्यात नाना असे काही रमले की विचारू नका. पहिल्याच दिवशी गाल धरून भांडत आलेल्या माणसाला त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते म्हणाले, "अर्ज करा." माणूस निमूट बाकावर जाऊन बसला. पाच दिवसांत दवाखान्यात टाचणी पडली तरी ऐकू येऊ लागली. संध्याकाळी सहाला नाना घरी आले की जिन्यातच रेडिओ ऐकू येई, वरच्या मजल्यावरच्या बायका हसत हसत निघालेल्या असत, आणि काकू त्यांच्यासाठी चहा टाकून विचारत, "मग? आज कोण भांडलं?" दोघं दीड-दीड तास बोलत बसत. इतकं तर ते लग्नाच्या पहिल्या वर्षीही बोलले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी नानांना फारच सुखी वाटत होतं. कप खाली ठेवून, जरा जवळ सरकून ते म्हणाले, "उद्या रविवार. दवाखाना बंद. मी दिवसभर घरीच."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या उठल्या, आणि त्यांनी तिसऱ्या मजल्यावर फोन लावला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "रविवारी दाढा दुखत नाहीत का हो लोकांच्या?"