दोन्हीकडं प्लग

सकाळी नऊला गेलेली लाइट अकरा वाजले तरी आली नाही आणि भवानी पेठेतल्या चंद्रव्वांच्या स्वयंपाकघरात सहा किलो भाजलेले शेंगदाणे मिक्सरची वाट बघत पडून राहिले. चार वाजेपर्यंत दोनशे शेंगापोळ्या एका साखरपुड्याला पोचवायच्या होत्या. दारासमोरच्या खांबावर वायरमन मल्लिनाथ तुटलेली तार जोडत होता. अजून दोन तास लागतील, असं त्यानं वरूनच सांगितलं होतं.

"दोन तास कोण थांबतंय?" चंद्रव्वांचे नवरे बसलिंगप्पा म्हणाले. तीस वर्षं त्यांनी यंत्रमाग दुरुस्त केले होते, त्यामुळे जगातलं कुठलंही मशीन आपला शब्द मोडणार नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी मांडववाल्याकडून जनरेटर आणला आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून थेट मधल्या खोलीत ठेवला.

सून दानेश्वरी अकलूजची. तिनं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. पण सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, ही माहेरची रीत तिनं लग्नापासून आठ महिने पाळली होती. जे काही सांगायचं ते सासूमार्फत, मग सासरे हातभर अंतरावर का असेनात.

"आत्या, मामांस्नी सांगा, जनरेटर घरात लावायचा न्हाय. धूर कोंडला की माणूस बसल्या जागी जातंय. कळतबी न्हाय."

चंद्रव्वांचे हात कणकेत होते. त्यांनी निरोप आटोपशीर केला. "अहो, ती म्हणते, भिंती काळ्या होतील."

"अरे हो, रंग यंदाच दिलाय की!" बसलिंगप्पांनी जनरेटर ओढत अंगणात नेला.

मग ते वायर घेऊन बसले. एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकालाही प्लग. एक जनरेटरमध्ये, एक भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की सगळं घर चालू. आपल्या डोक्याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

दानेश्वरीनं लाटणं खाली ठेवलं. "आत्या, मामांस्नी सांगा, ती वायर लावू नगा. घरातली वीज उलटी भाईरच्या तारंत जाती!"

"अहो, ती म्हणते, वीज बाहेर जाते. वाया."

"जाऊ दे की! शेजाऱ्यांना पण मिळंल. मन मोठं ठेवावं माणसानं."

"तसं न्हाय, आत्या, नीट सांगा की—"

तोवर चंद्रव्वा गुळाच्या डब्याकडे वळल्या होत्या. बसलिंगप्पांनी दोन्ही प्लग खोचले आणि जनरेटर चालू करायची दोरी धरली.

"मामा! दोरी सोडा! खांबावर माणूस हाय!"

दानेश्वरीचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा निघाला. बसलिंगप्पांच्या हातून दोरी सुटली आणि खांबावर मल्लिनाथनंही खांबाला मिठी मारली. तिनं धावत जाऊन दोन्ही प्लग उपसले आणि मधे कुणालाही न घेता सगळं सांगून टाकलं. दोरी ओढली असती तर इथली वीज मेनमधून बाहेर, तारेत आणि तारेतून मल्लिनाथच्या हातात गेली असती.

बसलिंगप्पा पायरीवर बसले. "आणि मी त्याला खाली चहाला बोलावलंय," एवढंच ते म्हणाले.

दानेश्वरीनं घराचा मेन स्विच पाडला, जाड एक्स्टेन्शनचा बोर्ड सरळ जनरेटरला जोडला आणि त्यावर फक्त मिक्सर लावला. भिंतीतल्या सॉकेटला हातही लावला नाही. तिची सफाई बसलिंगप्पा कसबी माणसाच्या नजरेनं बघत राहिले. असा हात त्यांनी मागांच्या कारखान्यातही फार थोड्यांचा पाहिला होता. अर्ध्या तासात कूट तयार झालं.

मल्लिनाथ चहाला उतरला. "काका, मघाशी कोण ओरडलं ओ?"

"आमची सून. चहा पी आणि तिला हात जोड," बसलिंगप्पा म्हणाले.

दानेश्वरी भानावर आली. पदर सावरून ती सासूच्या मागे सरकली. "आत्या, मामांस्नी सांगा, चुकून तोंडावर बोलले."

बसलिंगप्पांनी घसा खाकरला. सून हातभर अंतरावर उभी होती. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"अगं, तिला सांग, आता मधी तू नको."